वेळ, वेग आणि अंतर : हा धडा सोडून देऊ नका

भरतीची जाहिरात निघाली की अभ्यासिका भरून जातात. विहाराच्या वरच्या मजल्यावरची अभ्यासिका असो, तालुक्याचे वाचनालय असो की गावातल्या शाळेची रिकामी खोली, सगळीकडे तीच पुस्तके उघडलेली दिसतात. सामान्य ज्ञानाचे पुस्तक झिजलेले असते, चालू घडामोडींच्या अंकांवर खुणा असतात. पण अंकगणिताच्या पुस्तकात 'काळ, वेग व अंतर' हा धडा मात्र कोराच राहिलेला दिसतो. "हा धडा सोडला तर चालेल का?" हा प्रश्न मुले-मुली वारंवार विचारतात. आमचे उत्तर स्पष्ट आहे. चालणार नाही, आणि सोडायची गरजही नाही.

आधी हिशेब पाहू. पोलीस शिपाई भरतीची लेखी परीक्षा १०० गुणांची आणि ९० मिनिटांची असते. तिच्यात सामान्य ज्ञान, मराठी व्याकरण, बुद्धिमत्ता चाचणी यांच्याबरोबर अंकगणित असते. रेल्वेच्या गट 'ड' परीक्षेतही ९० मिनिटांत १०० प्रश्न असतात आणि त्यातले २५ गणिताचे असतात. म्हणजे एका प्रश्नाला सरासरी ५४ सेकंद. रेल्वेच्या परीक्षेत चुकलेल्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापला जातो, त्यामुळे अंदाजे खूण करण्यातही धोका आहे. गुणवत्ता यादीत एका गुणावर, कधी अर्ध्या गुणावर शेकडो मुले आत-बाहेर होतात. अशा वेळी ज्या धड्यावर प्रश्न हमखास येतात तो धडाच सोडणे म्हणजे शर्यत सुरू होण्याआधी दोन पावले मागे उभे राहणे.

ज्यांच्या घरात पहिलीच पिढी नोकरीच्या परीक्षेला बसते आहे, ज्यांना महागड्या क्लासची फी परवडत नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे. यात कोणतीही गुप्त 'ट्रिक' नाही. सूत्र घोकण्याऐवजी ते कुठून आले हे समजून घेतले, तर हा धडा अंकगणितातल्या सोप्या धड्यांपैकी एक आहे, एवढेच आम्हाला दाखवायचे आहे.

वेग म्हणजे काय, हे मैदानावर कळते

पोलीस भरतीची तयारी करणारी मुले पहाटे १६०० मीटर धावतात, मुली ८०० मीटर धावतात. समजा एक मुलगा १६०० मीटर ५ मिनिटे २० सेकंदांत पूर्ण करतो. ५ मिनिटे २० सेकंद म्हणजे ३२० सेकंद. ३२० सेकंदांत १६०० मीटर, तर १ सेकंदात किती? १६०० ÷ ३२० = ५ मीटर. झाला वेग. एका सेकंदात ५ मीटर.

वेग म्हणजे एवढेच : एका ठरावीक वेळात किती अंतर कापले. शाळेत आपण एकमान पद्धत शिकलो. एका वहीची किंमत काढली की दहा वह्यांची काढता येते. इथेही तेच आहे. एका सेकंदाचे अंतर कळले की १२ सेकंदांचे अंतर १२ पट, म्हणजे ६० मीटर. आणि ४०० मीटरची एक फेरी मारायला लागणारा वेळ ४०० ÷ ५ = ८० सेकंद.

पुस्तकात यालाच तीन सूत्रे म्हणतात : अंतर = वेग × वेळ, वेग = अंतर ÷ वेळ, वेळ = अंतर ÷ वेग. ही तीन वेगळी सूत्रे नाहीत, एकच गोष्ट तीन बाजूंनी सांगितली आहे. जो रोज धावतो त्याला ती आधीच ठाऊक आहे. फक्त कागदावर तिचे नाव बदलते.

१८ आणि ५ कुठून आले?

गाडीचा वेग ताशी किलोमीटरमध्ये देतात आणि उत्तर सेकंदांत मागतात. इथे निम्मे विद्यार्थी अडखळतात. ५/१८ ने गुणायचे की १८/५ ने, हे ऐन परीक्षेत आठवत नाही. घोकलेली गोष्ट घाईत उलटी होतेच.

म्हणून ती कुठून आली ते पाहा. ताशी १८ किमी म्हणजे एका तासात १८ किलोमीटर. १८ किलोमीटर म्हणजे १८,००० मीटर. एक तास म्हणजे ३,६०० सेकंद. १८,००० ÷ ३,६०० = ५. म्हणजे ताशी १८ किमी आणि सेकंदाला ५ मीटर हे दोन्ही एकच. वर आपण पाहिलेला धावपटू ताशी १८ किमी वेगाने धावत होता. ही एकच जोडी लक्षात ठेवा, बाकी सगळे तिच्या पटीत येते :

ताशी ३६ किमी म्हणजे सेकंदाला १० मीटर.
ताशी ५४ किमी म्हणजे सेकंदाला १५ मीटर.
ताशी ७२ किमी म्हणजे सेकंदाला २० मीटर.
ताशी ९० किमी म्हणजे सेकंदाला २५ मीटर.
ताशी १०८ किमी म्हणजे सेकंदाला ३० मीटर.

मीटर-सेकंदातला आकडा नेहमी लहान असतो, ताशी किलोमीटरचा मोठा. उत्तर उलटे आले तर लगेच कळेल.

वेळेचेही असेच आहे. २ तास २० मिनिटे म्हणजे २.२० तास नव्हे. २० मिनिटे म्हणजे तासाचा तिसरा भाग, म्हणून ते २ पूर्णांक १/३ तास. १५ मिनिटे पाव तास, ३० मिनिटे अर्धा, ४० मिनिटे दोन तृतीयांश, १२ मिनिटे पाचवा भाग, ६ मिनिटे दहावा भाग. हे तोंडपाठ असू द्या, कारण उदाहरणे बहुतेक याच आकड्यांवर बेतलेली असतात.

एक खरे उदाहरण करून पाहा. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही भारतातली पहिली प्रवासी रेल्वे धावली. अंतर सुमारे ३४ किमी, वेळ सुमारे ५७ मिनिटे. ५७ मिनिटांत ३४ किमी, तर ६० मिनिटांत किती? ३४ × ६० ÷ ५७ म्हणजे जवळपास ३६. त्या गाडीचा सरासरी वेग ताशी साधारण ३६ किमी, म्हणजे सेकंदाला १० मीटर होता. आपला १६०० मीटरचा धावपटू तिच्या निम्म्या वेगाने धावतो. गणितातले आकडे असे डोळ्यांसमोर आणले की ते परके वाटत नाहीत.

आधी वाचा, रेघ ओढा, मग मांडा

शाब्दिक उदाहरण चुकते ते बहुधा गुणाकार-भागाकारात नाही, वाचण्यात चुकते. प्रश्न वाचताच सूत्र शोधू नका. कच्च्या कागदावर एक आडवी रेघ ओढा, तिच्या टोकांना ठिकाणांची नावे लिहा, कोण कोणत्या दिशेने चालले आहे ते बाणाने दाखवा. मग स्वतःला तीन प्रश्न विचारा.

पहिला : काय विचारले आहे? अंतर, वेळ, वेग की घड्याळातली वेळ? 'किती वाजता भेटतील' आणि 'किती तासांनी भेटतील' यांची उत्तरे वेगळी असतात आणि दोन्ही पर्यायांत दिलेली असतात.

दुसरा : सगळी एकके सारखी आहेत का? नसतील तर आधी सारखी करा.

तिसरा आणि सगळ्यात महत्त्वाचा : या गोष्टीत दोन्हीकडे सारखे काय आहे? कधी अंतर सारखे असते, कधी वेळ सारखा असतो. हे सापडले की अर्धे उदाहरण सुटले. या धड्यातली बहुतेक उदाहरणे या एका प्रश्नाने उलगडतात. ते आता पाहू.

अंतर सारखे असेल तेव्हा

घर तेच, शाळा तीच, रस्ता तोच. फक्त वेग बदलला. वेग वाढला तर वेळ त्याच प्रमाणात कमी होतो. वेग दुप्पट, तर वेळ निम्मा.

उदाहरण : एक कामगार नेहमीच्या वेगाच्या ३/४ वेगाने चालतो, म्हणून त्याला कारखान्यात पोहोचायला २० मिनिटे उशीर होतो. नेहमीचा वेळ किती? अंतर सारखेच आहे. वेग ३/४ झाला, म्हणून वेळ ४/३ झाला. म्हणजे नेहमीच्या वेळेपेक्षा एक तृतीयांश जास्त. हा जास्तीचा एक तृतीयांश म्हणजेच २० मिनिटे. म्हणून पूर्ण वेळ ६० मिनिटे. कागदाचीही गरज पडली नाही.

आता नेहमी येणारा प्रकार : एक विद्यार्थी ताशी ४ किमी वेगाने चालला तर शाळेत १० मिनिटे उशिरा पोहोचतो आणि ताशी ५ किमी वेगाने चालला तर ५ मिनिटे आधी पोहोचतो. शाळेचे अंतर किती? इथे बरेच जण १० मधून ५ वजा करतात. रेघ ओढून पाहा. मधोमध शाळेची वेळ आहे. एकदा तो तिच्या १० मिनिटे नंतर आला, एकदा ५ मिनिटे आधी. दोन्हींत फरक १५ मिनिटांचा. एक आधी आणि एक नंतर असेल तर बेरीज, दोन्ही वेळा उशीर असेल तर वजाबाकी. वेगांचे गुणोत्तर ४ : ५, म्हणून वेळांचे गुणोत्तर ५ : ४. फरक एका भागाचा, तो १५ मिनिटांचा. म्हणून वेळ ७५ मिनिटे आणि ६० मिनिटे. ताशी ५ किमी वेगाने ६० मिनिटे चालला, म्हणजे अंतर ५ किमी. पडताळा : ताशी ४ किमी वेगाने ७५ मिनिटांत ४ × १.२५ = ५ किमी. बरोबर.

याच गटात सरासरी वेगाचा सापळा येतो. एक माणूस मोटारसायकलने गावाला ताशी ४० किमी वेगाने जातो आणि त्याच रस्त्याने ताशी ६० किमी वेगाने परत येतो. सरासरी वेग किती? पर्यायांत ५० असतेच, आणि घाईत तिथेच खूण होते. उत्तर ५० नाही.

अंतर दिलेले नाही, तर सोयीचे घ्या. ४० आणि ६० दोघांनीही भाग जाईल असे, म्हणजे लसावि १२०. जायला १२० ÷ ४० = ३ तास, यायला १२० ÷ ६० = २ तास. एकूण २४० किमी, एकूण ५ तास. सरासरी २४० ÷ ५ = ताशी ४८ किमी. ५० का नाही? कारण तो हळू वेगात ३ तास होता आणि जलद वेगात फक्त २ तास. जिथे जास्त वेळ गेला तिकडे सरासरी झुकणार. म्हणून जाण्या-येण्याच्या उदाहरणात सरासरी नेहमी लहान वेगाच्या बाजूला थोडी सरकलेली असते. पण तोच माणूस निम्मा वेळ ४० ने आणि निम्मा वेळ ६० ने गेला असता, तर सरासरी नेमकी ५० आली असती. पुन्हा तोच प्रश्न : सारखे काय आहे, अंतर की वेळ?

सरासरी वेग म्हणजे एकूण अंतर भागिले एकूण वेळ. थांबे, घाट, सिग्नल सगळे त्यात आले. पुणे ते मुंबई रेल्वेचे अंतर सुमारे १९२ किमी आहे आणि डेक्कन क्वीन ते सुमारे ३ तास १० मिनिटांत, म्हणजे १९० मिनिटांत कापते. मिनिटाला जवळपास १ किमी, म्हणजे ताशी साधारण ६० किमी. घाटात गाडी याहून हळू असते, सपाटीवर बरीच जलद. सरासरी त्या सगळ्यांचा हिशेब एकत्र सांगते.

थांब्यांचे एक उदाहरणही असते. न थांबता बसचा वेग ताशी ५४ किमी, थांबे धरून ताशी ४५ किमी. बस तासाला किती मिनिटे थांबते? थांबल्यामुळे तासाला ९ किमी कमी झाले. ते ९ किमी कापायला बसला ९/५४ तास, म्हणजे तासाचा सहावा भाग लागला असता. म्हणून ती तासाला १० मिनिटे थांबते.

वेळ सारखा असेल तेव्हा

दोघे एकाच क्षणी निघाले आणि एकाच क्षणी भेटले, तर दोघांनी घालवलेला वेळ सारखाच. आता अंतर वेगाच्या प्रमाणात वाटले जाते.

समोरासमोर येणारे दोघे एकमेकांमधले अंतर मिळून कमी करतात, म्हणून वेगांची बेरीज. एकामागून एक धावणारे असतील तर मागचा जेवढा जास्त धावेल तेवढेच अंतर कमी होते, म्हणून वजाबाकी. याला सापेक्ष वेग म्हणतात. शब्द जड आहे, अर्थ एवढाच.

उदाहरण : दोन गावांमध्ये २१० किमी अंतर आहे. पहिल्या गावाहून एक एसटी सकाळी ८ वाजता ताशी ४० किमी वेगाने निघते. दुसऱ्या गावाहून दुसरी एसटी ९ वाजता ताशी ४५ किमी वेगाने समोरून निघते. त्या किती वाजता भेटतील? दोघींचा वेळ सारखा नाही, म्हणून आधी तो सारखा करा. ९ वाजेपर्यंत पहिली एसटी ४० किमी आलेली आहे. उरले १७० किमी. ९ वाजल्यापासून दोघी मिळून तासाला ८५ किमी कमी करतात. १७० ÷ ८५ = २ तास. म्हणून ११ वाजता भेटतील. पडताळा : पहिली ३ तासांत १२० किमी, दुसरी २ तासांत ९० किमी, बेरीज २१०.

पोलीस आणि चोराचे उदाहरण तर परीक्षा घेणाऱ्यांचे आवडते. चोर पोलिसाच्या ६०० मीटर पुढे आहे. चोर ताशी ८ किमी आणि पोलीस ताशी १० किमी वेगाने धावतो. चोर कधी पकडला जाईल आणि तोवर पोलीस किती धावेल? पोलीस तासाला २ किमी, म्हणजे ६० मिनिटांत २,००० मीटर अंतर भरून काढतो. २०० मीटर भरायला ६ मिनिटे, म्हणून ६०० मीटर भरायला १८ मिनिटे. १८ मिनिटांत पोलीस १० × १८ ÷ ६० = ३ किमी धावतो. चोर तेवढ्या वेळात २.४ किमी धावला. फरक ६०० मीटर. जुळले. इथे विद्यार्थी १८ मिनिटे २ किमीच्या वेगाला लावतात आणि ६०० मीटर उत्तर देतात. लक्षात ठेवा : भेटण्याचा वेळ फरकाच्या वेगाने काढायचा, पण प्रत्यक्ष धावलेले अंतर ज्याचे त्याच्या वेगाने.

आगगाडी : शेपूट विसरू नका

आगगाडीच्या उदाहरणांची जी भीती असते तिचे कारण एकच. माणूस किंवा मोटार आपण ठिपका समजतो, गाडीला मात्र लांबी असते. इंजिन पुढे गेले म्हणजे गाडी गेली असे नाही, शेवटचा डबा जायला हवा.

म्हणून खांब, सिग्नल किंवा उभा माणूस ओलांडायचा असेल तर गाडीने स्वतःच्या लांबीइतके अंतर कापायचे. फलाट, पूल किंवा बोगदा ओलांडायचा असेल तर गाडीची लांबी अधिक फलाटाची लांबी. एवढे एक चित्र डोक्यात बसले की वेगळे सूत्र लागत नाही.

१८० मीटर लांबीची गाडी ताशी ५४ किमी वेगाने खांब किती सेकंदांत ओलांडेल? ५४ म्हणजे सेकंदाला १५ मीटर. १८० ÷ १५ = १२ सेकंद. तीच गाडी २७० मीटरचा फलाट ओलांडायला? १८० + २७० = ४५० मीटर. ४५० ÷ १५ = ३० सेकंद.

आता थोडे अवघड : एक गाडी खांब ८ सेकंदांत आणि १८० मीटर लांबीचा फलाट २० सेकंदांत ओलांडते. गाडीची लांबी आणि वेग काढा. समीकरण मांडण्याआधी विचार करा. फलाट ओलांडताना १२ सेकंद जास्त का लागले? फक्त फलाटामुळे. म्हणजे गाडी १२ सेकंदांत १८० मीटर जाते. वेग सेकंदाला १५ मीटर, ताशी ५४ किमी. खांबाला ८ सेकंद लागले, म्हणून लांबी ८ × १५ = १२० मीटर. पडताळा : (१२० + १८०) ÷ १५ = २० सेकंद.

दोन गाड्या एकमेकींना ओलांडतात तेव्हा दोघींच्या लांबींची बेरीज होते, मग दिशा कोणतीही असो. वेगांची मात्र समोरासमोर असतील तर बेरीज, एकाच दिशेने असतील तर वजाबाकी. १५० मीटर आणि २०० मीटर लांबीच्या दोन गाड्या ताशी ६० आणि ६६ किमी वेगाने धावत आहेत. समोरासमोर : वेग १२६, म्हणजे १८ च्या ७ पट, म्हणून सेकंदाला ३५ मीटर. ३५० ÷ ३५ = १० सेकंद. एकाच दिशेने : फरक फक्त ताशी ६ किमी, म्हणजे सेकंदाला ५/३ मीटर. ३५० × ३ ÷ ५ = २१० सेकंद, साडेतीन मिनिटे. लोकलच्या खिडकीत बसलेल्या प्रत्येकाने हे पाहिले आहे. समोरून आलेली गाडी क्षणात निघून जाते, बाजूच्या रुळावरून त्याच दिशेने जाणारी गाडी बराच वेळ सोबत राहते.

होडी आणि प्रवाह

प्रवाहाच्या दिशेने जाताना पाणी होडीला मदत करते, विरुद्ध जाताना तेवढेच अडवते. एक होडी २४ किमी अंतर प्रवाहाच्या दिशेने २ तासांत आणि विरुद्ध दिशेने ३ तासांत कापते. वेग अनुक्रमे ताशी १२ आणि ८ किमी. संथ पाण्यातला वेग या दोघांच्या बरोबर मधे : १०. प्रवाहाने एकदा २ वाढवले, एकदा २ कमी केले, म्हणून प्रवाहाचा वेग ताशी २ किमी. १२ आणि ८ मधला फरक ४ हाच प्रवाहाचा वेग समजणे ही इथली नेहमीची चूक. तो फरक प्रवाहाच्या दुप्पट असतो, कारण प्रवाह एकदा मिळवला आणि एकदा वजा केला.

पर्याय तुमचे मित्र आहेत, आणि शत्रूही

प्रश्नपत्रिका काढणाऱ्याला तुम्ही कुठे चुकणार हे माहीत असते. सरासरी वेगात ५०, चोर-पोलिसात ६०० मीटर, होडीत ४, ही चुकीची उत्तरे मुद्दाम पर्यायांत ठेवलेली असतात. म्हणून 'माझे उत्तर पर्यायांत आहे, म्हणजे बरोबर आहे' असे धरू नका.

उलट पर्यायांचा उपयोग करून घ्या. उशीर-लवकरच्या उदाहरणात ५ किमी हा पर्याय घेऊन पाहा. ताशी ४ ने ७५ मिनिटे, ताशी ५ ने ६० मिनिटे, फरक १५. जुळला. समीकरणापेक्षा हे कधी कधी लवकर होते. शिवाय उत्तर शक्य कोटीतले आहे का तेही पाहा. माणूस ताशी ४० किमी चालत नाही, गाडीची लांबी ८ मीटर नसते.

सूत्र मान्य करण्याआधी तपासून पाहा

मोबाइलवर '५ सेकंदांत उत्तर' देणाऱ्या क्लृप्त्यांचा पूर आलेला आहे. त्यातल्या काही बरोबर असतात, काही एकाच प्रकारच्या आकड्यांवर चालतात. कोणी सांगितले म्हणून सूत्र मानू नका. दोन सोपे आकडे घालून स्वतः पडताळा घ्या, ते का चालते हे शोधा, आणि मगच वापरा. का चालते हे कळलेले सूत्र परीक्षेत विसरत नाही, आणि विसरलेच तर पुन्हा तयार करता येते. क्लास न लावलेल्या विद्यार्थ्याची खरी ताकद इथेच आहे.

अभ्यासाची पद्धतही साधी ठेवा. पहिला आठवडा घड्याळ लावू नका. रोज पाच उदाहरणे, प्रत्येकाची रेघ ओढून, पडताळ्यासह. दुसऱ्या आठवड्यापासून मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका घ्या आणि वेळ लावा. चुकलेल्या उदाहरणासमोर उत्तर लिहू नका, चूक कुठे झाली ते एका ओळीत लिहा : 'एकक बदलले नाही', 'गाडीची लांबी धरली नाही', 'वेळ सारखा केला नाही'. पंधरा दिवसांनी ही यादी वाचा. तुमच्या चुका तीन-चारच आहेत आणि त्याच पुन्हा पुन्हा होतात, हे दिसेल. तेवढ्याच दुरुस्त करायच्या आहेत. परीक्षेत मात्र एखादे उदाहरण दीड मिनिटात सुटले नाही, तर खूण करून पुढे जा आणि शेवटी परत या.

शेवटी एक विनंती, नोकरीला लागलेल्या आमच्या वाचकांना. शिक्षक, लिपिक, पोलीस, अभियंते असे अनेक जण या परीक्षांतूनच पुढे आले आहेत. आपल्या वस्तीच्या अभ्यासिकेला पुस्तके आणि पंखे देणे चांगलेच आहे. पण त्याबरोबर आठवड्यातून एक संध्याकाळ द्या. फळ्यावर एक उदाहरण लिहा आणि मुलांनाच ते मोठ्याने समजावून सांगायला लावा. जो दुसऱ्याला समजावतो त्याचे ते पक्के होते, आणि ऐकणाऱ्याची लाजही जाते. "मला गणित जमत नाही" असे म्हणणाऱ्या बहुतेक मुलांना गणित कोणी नीट समजावूनच दिलेले नसते.

आणि विद्यार्थी मित्र-मैत्रिणींनो, आज रात्री या लेखातली उत्तरे झाका, उदाहरणे एका वहीत उतरवा आणि स्वतः सोडवा. अडलात तर रेघ ओढा आणि विचारा : सारखे काय आहे? उद्या पहाटे मैदानावर धावून आलात की स्वतःचा वेग काढा, आधी सेकंदाला किती मीटर, मग ताशी किती किलोमीटर. पुस्तकातला तो कोरा धडा तिथूनच सुरू करा.